साइट ऑफिसातला कॉम्प्युटर

दाजी : मग सांग ना. मी घरी, माझ्या फोनवर, तेही बाथरूमची कडी लावून जे शोधलं, ते तुमच्या साइट ऑफिसात कसं पोचलं?

छोट्या : दाजी, आधी शांत बसा तरी.

दाजी : सकाळपासून बसलोच आहे. क्रेनवरून उतरवलेला ऑपरेटर दुसरं काय करणार?

छोट्या : ते सेफ्टीचं ट्रेनिंग आठवतं? ऑनलाइन भरायचं होतं बघा सगळ्यांनी. तेव्हा तुम्ही ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तुमचा मेल उघडला होतात.

दाजी : मी कुठे उघडला? स्टोअरकीपरने पासवर्ड विचारला, मी सांगितला. म्हणाला, दाजी, हे विचारतंय, चालू ठेवू का? म्हटलं ठेव बाबा. पुन्हा पुन्हा कोण टाइप करत बसणार.

छोट्या : तिथेच घोळ झाला. तेव्हापासून तुमचा फोन आणि तो कॉम्प्युटर, म्हणजे आतला ब्राउझर हो, एकच झाले. तुम्ही इकडे काहीही शोधलं की ते तिकडे जमा.

दाजी : आणि हे मला कोणी सांगितलं नाही.

छोट्या : कुणाला माहीत होतं? स्टोअरकीपरला चहाचे कप मागवायचे होते. त्याने नुसतं ‘च’ टाइप केलं, तर खाली ओळीच्या ओळी आल्या.

दाजी : काय आलं? बोल की. गावाने वाचलंय, आता माझ्यापासून काय लपवतोस?

छोट्या : ‘चक्कर येणे कारणे’. ‘चक्कर उंचावर अचानक’. ‘चक्कर येत असेल तर क्रेनचं लायसन्स जातं का’.

दाजी : छान.

छोट्या : आधी सगळे हसले. वेल्डर म्हणाला, आपल्यात हा भोवरा कोण? मग वरच्या कोपऱ्यात तो गोल फोटो दिसला. तुमचा नि ताईचा. मग गप्प झाले.

दाजी : गप्प झाले आणि काम करायला गेले, असं म्हणायचंय तुला?

छोट्या : नाही. गप्प झाले आणि हिस्टरी उघडून बसले.

दाजी : तू होतास?

छोट्या : मी नंतर पोचलो.

दाजी : किती वाचलंस?

छोट्या : सगळं.

दाजी : हं. आणि साहेबाच्या कानावर कोणी घातलं? स्टोअरकीपर बडबड्या आहे, पण चुगलखोर नाही. वेल्डरला माझ्याशी काही देणंघेणं नाही. मी दिवसभर एकेकाला मनात उभं करून बघतोय. कोणी केलं हे?

छोट्या : मी.

दाजी : चेष्टा करू नकोस.

छोट्या : मीच गेलो साहेबांकडे, दाजी.

दाजी : तू? अरे, मी वरून खाली बघतो तेव्हा मला दुसरं कोणी दिसत नाही. तुझं पिवळं जाकीट आणि तुझा हात. तू म्हणालास उचला की मी उचलतो, तू म्हणालास थांबा की थांबतो. तुझ्या बहिणीचा संसार त्या कॅबिनवर चाललाय आणि तू जाऊन...

छोट्या : गेल्या आठवड्यात सळ्यांचा गठ्ठा हवेत राहिला होता.

दाजी : वारा होता.

छोट्या : वारा नव्हता. सिमेंटची रिकामी पोती पडली होती, त्यातलं एक हललं नाही. मी वॉकीटॉकीवर ओरडतोय, दाजी, थांबा, दाजी, बोला काहीतरी. वरून हूं नाही की चूं नाही. गठ्ठा आपला गोल फिरतोय. खाली प्लास्टरच्या बायका डबे उघडून बसल्या होत्या. एकीला मी दंडाला धरून ओढली, तर ती मलाच शिव्या घालायला लागली. उतरल्यावर मी विचारलं नाही तुम्हाला? तेव्हाही वाराच म्हणालात.

दाजी : डोळ्यांपुढे अंधारी आली होती. हूक कुठे, खाली कोण, काही कळेना. पण लिव्हर सोडला मी. तेवढी शुद्ध होती.

छोट्या : उद्या नसती तर?

दाजी : म्हणून तर शोधत होतो ना! काय आहे, का होतंय, औषधाने जातं का. कुणाला विचारणार होतो? डॉक्टरकडे जावं तर तो सर्टिफिकेटवर लिहिणार. साहेबाला सांगावं तर गेटवरून बाहेर. तुझ्या बहिणीला सांगावं तर ती कामावर जाऊच देणार नाही. एक फोन तेवढा होता, त्याला वाटेल ते विचारता येत होतं. काही विचारलं तरी तोंड वाकडं करत नव्हता.

छोट्या : मला विचारायचं होतंत.

दाजी : तुला विचारलं असतं तर तू साहेबाकडे गेला नसतास?

छोट्या : ...माहीत नाही.

(दार उघडतं. ताई खांद्यावरची पिशवी खाली न ठेवताच आत येऊन उभी राहते.)

ताई : चपला बघूनच कळलं, भाऊ आलाय म्हणून. आता दोघं मला बघून गप्प बसू नका.

दाजी : लवकर आलीस?

ताई : आमच्या पाळणाघरात तुमच्या साइटवरच्या प्लंबरची बायको आली होती मुलीला न्यायला. मुलीच्या बुटांचे बंद बांधता बांधता म्हणते, तुमच्या मिस्टरांची चक्कर कशी आहे आता? म्हटलं, कसली चक्कर? तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी काही मी शेजारीण आहे आणि घरची ती आहे. सकाळी तुम्ही मला काय सांगितलंत? रजा आहे.

दाजी : रजाच आहे.

ताई : पुरे. त्या प्लंबरच्या घरात माहीत, स्टोअरमध्ये माहीत, उद्या कोपऱ्यावरच्या दुकानात माहीत होईल. आणि मी? एका छपराखाली राहतो ना आपण? रात्री पाठ करून झोपता, मला वाटायचं दमलेत बिचारे. तिकडे तोंड करून फोनशी बोलत होतात?

छोट्या : ताई, त्यांना आधीच...

ताई : तू थांब. तुझाही नंबर येणारच आहे. अहो, किती दिवस चाललंय हे?

दाजी : झाले थोडे.

ताई : थोडे म्हणजे? आपण माझ्या मावशीकडे गेलो होतो, जिन्यात तुम्ही कठडा धरून उभे राहिलात, तेव्हा?

दाजी : त्याच्याही आधी.

ताई : आणि मी म्हणाले, पित्त झालं असेल. तुम्ही मान डोलावलीत.

दाजी : तुला बरं वाटावं म्हणून.

ताई : मला बरं वाटावं म्हणून. वा. छोट्या, आता तू सांग. त्या कॉम्प्युटरवर आणखी काय होतं?

छोट्या : आणखी काही नाही. चक्करेचंच सगळं. क्रिकेटचे स्कोअर, एक मिक्सरचं भांडं...

ताई : माझ्याकडे बघून सांग.

दाजी : नाही म्हणाला ना तो. विषय संपव आता.

ताई : संपवते. फक्त एक सांगा. माझ्या फोनवर मध्यंतरी सारख्या विम्याच्या जाहिराती येत होत्या. रेसिपी उघडली की विमा, पाळणाघराचा ग्रुप बघून बाहेर आले की विमा. ‘तुमच्या पश्चात तुमच्या कुटुंबाचं काय?’ आणि एक बाई, खिडकीपाशी मुलाला घेऊन बसलेली. मी असलं काही कधी शोधलं नाही. मोठ्या वर्गाच्या ताईंना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, घरात एकच वायफाय असलं की एकाने शोधलेलं दुसऱ्यालाही दिसतं कधी कधी. मी हसले. म्हटलं, आमच्याकडे असलं कोण शोधणार?

छोट्या : ताई...

ताई : कोण शोधत होतं?

दाजी : सगळ्यांनाच येतात असल्या जाहिराती.

ताई : छोट्या, तू माझा भाऊ आहेस. एरवी तुझ्या पोटात काही राहत नाही.

छोट्या : दाजी, मी सांगू की तुम्ही सांगता?

दाजी : तू तेही वाचलंस.

छोट्या : म्हणूनच गेलो साहेबांकडे. नुसती चक्कर असती तर मी तुम्हाला धरून डॉक्टरकडे नेलं असतं, साहेबांना पत्ता लागू दिला नसता. पण ते वाचल्यावर तुम्हाला त्या शिडीवर परत चढू देऊ? मी खाली उभा राहून हात हलवत राहू? त्यांना चक्करेचंच सांगितलं मी. दुसरं नाही.

ताई : दुसरं काय?

दाजी : ‘कामावर अपघात झाला तर घरच्यांना काय मिळतं.’

ताई : आणि?

दाजी : ‘अपघात होता की मुद्दाम, हे कसं ठरवतात.’ नुसतं बघत होतो गं. लायसन्स जाणार, हे दिसत होतं. मला दुसरं काय येतं? या वयात वॉचमन म्हणून कोण घेणार, त्यात कुठेही तोल जाणारा. तुझ्या पाळणाघरावर मी पडून राहायचं? वाटलं, बघून तरी ठेवावं.

ताई : बघून ठेवावं. दूधवाला उद्या येणार का, तसं.

दाजी : रडू नकोस.

ताई : रडत नाहीये मी. पिशवीचा बंद रुततोय. छोट्या, घे ही. ते बाकीच्यांनी वाचलं?

छोट्या : स्टोअरकीपरने वाचलं असणार. काल मला म्हणाला, दाजींना एकटं ठेवू नका. एवढंच. मी लगेच त्यांचं खातं बंद केलं तिथून, हिस्टरी पुसली.

ताई : पुसली म्हणजे गेली?

छोट्या : त्या कॉम्प्युटरवरून गेली. कंपनीच्या मशीनमध्ये कुठे उरते का, मला नाही माहीत. आणि ज्यांनी वाचलं त्यांच्या डोक्यातून कशी पुसणार?

दाजी : आता साइटवर कुठल्या तोंडाने जाऊ मी? हातमोजे, डबा, सगळं कॅबिनमध्येच आहे.

छोट्या : मी आणतो.

दाजी : नको. नवा ऑपरेटर येईल तो टाकून देईल.

छोट्या : दाजी, माझ्यावर राग धरायचा तर धरा. पण मी पुन्हा हेच करीन.

दाजी : तू घरी जा आता.

छोट्या : ताई?

ताई : जा तू. जेवून घे वेळेवर. मी फोन करते उद्या.

छोट्या : येतो, दाजी.

दाजी : हं.

ताई : त्याने वाचलं नसतं तर?

दाजी : मला माहीत नाही.

ताई : खोटं तरी बोलायचंत. म्हणायचंत, काही झालं नसतं.

दाजी : एवढे दिवस तेच करत होतो. घे, फोन तुझ्याजवळ ठेव. हवं ते बघ. आता काय राहिलंय?

ताई : नको. ठेवा खिशात. पुरे झालं तुमचं सगळ्यांनी वाचणं. मला तुमच्या तोंडून कळायला हवं होतं.

दाजी : कसं सांगायचं ते सुचत नव्हतं.

ताई : तिथे बरं सुचलं.

दाजी : तिथे समोर तू नव्हतीस.

ताई : सकाळी मी कामावर जाणार नाहीये. दोघं मिळून डॉक्टरकडे जाऊ. चक्करेचं सांगू, आणि दुसरं पण सांगू.

दाजी : दुसरं पण?

ताई : ते आधी.

दाजी : डॉक्टरही हल्ली सगळं कॉम्प्युटरवरच लिहितात.

ताई : लिहू देत. मी शेजारी बसलेली असेन.