बांधावरचा संगमरवर

(खाडीकाठचा मातीचा बांध. वर तिघं उभी आहेत: गावच्या समितीचे अध्यक्ष, त्यांची बायको आणि सरकारी इंजिनीअरबाई.)

अध्यक्ष : लिहून घ्या इंजिनीअरबाई, या खाडीच्या इतिहासाचे दोनच भाग पडतील. माझ्या आधीची खाडी आणि माझ्या नंतरची खाडी!

बायको : अहो, डावी चप्पल चिखलातच राहिली तुमची.

अध्यक्ष : राहू दे! बाई, पाणी स्वच्छ करायला, ही पाणथळ जागा पुन्हा जिवंत करायला सरकारी अनुदान मिळालं, ते कुणाच्या अर्जावर?

इंजिनीअर : तुमच्याच, काका. अर्ज झकास होता. पण एक अडचण आहे. आतलं पाणी सडतंय, कारण भरती आत येत नाही. आणि ती येत नाही एका बांधामुळे.

अध्यक्ष : कोण तो नतद्रष्ट बांध घालणारा? नाव सांगा!

इंजिनीअर : नाव इथंच, या संगमरवरात कोरलंय, काका.

बायको : मोठ्या अक्षरात.

अध्यक्ष : अगं, तेव्हा दलदल बुजवायला अनुदान होतं! सरकार म्हणालं बुजवा, बुजवली. त्याबद्दल शाल मिळाली मला.

बायको : ती शाल कसरीनं खाल्ली. बांध राहिला.

इंजिनीअर : मला एवढंच कळत नाही. बांध सरळ जायचा सोडून इथंच कुशीवर का वळलाय? नेमकं नाल्याचं तोंड दाबून बसलाय.

अध्यक्ष : तांत्रिक कारणं होती.

बायको : फोटो होता. दगडाचं अनावरण करताना मागं समुद्र दिसायला हवा होता यांना. गवंडी बिचारा सांगत होता, साहेब, इथून पाणी जातं. हे म्हणाले, पाण्याला काय, दुसरीकडून जाईल.

इंजिनीअर : मग?

बायको : मग कुठं जाईल? आमच्या खिडकीखाली येऊन बसलंय. लग्न होऊन आले तेव्हा खेकडे थेट स्वयंपाकघरात यायचे हो. आता डास येतात. पाहुणे तर नाक धरूनच 'बरं आहे ना?' विचारतात.

अध्यक्ष : बाई, बांध दुसरीकडून फोडा ना. तिकडे, टोकाला. कुणाचं काही जात नाही तिथं.

इंजिनीअर : तिथं फोडलं तर पाणीही जाणार नाही. वाट इथंच आहे.

अध्यक्ष : बारीकसा पाइप?

इंजिनीअर : काका, खाडी आहे. सलाइन नाही लावायचं.

बायको : फोडू द्या हो. आयुष्यात एकदा तरी पाण्याचं ऐका.

अध्यक्ष : तुला काय जातंय? उभ्या जन्मात एकदाच कोरलं गेलं माझं नाव! ... बाई, फोडताना समारंभ असतो का?

इंजिनीअर : पहिला घाव कुणीतरी घालावा लागतो. चार लोक जमतात. भाषण केलं तरी कुणी अडवत नाही.

अध्यक्ष : भाषण! 'बंधुभगिनींनो, बांधणाराही मीच आणि फोडणाराही मीच! असा माणूस शोधून सापडणार नाही!'

बायको : शोधायला कशाला हवा? घरोघरी आहे.

अध्यक्ष : आणि फोटो?

इंजिनीअर : काढू की. मागं समुद्र आपोआप येईल. या वेळी आतसुद्धा येईल.

अध्यक्ष : मग ठरलं! फोडा! इतिहास पाहतोच आहे!

बायको : बाई, खरं सांगा, मासे येतील ना परत?

इंजिनीअर : भरती आत आली की आधी खेकडे, मग मासे, त्यांच्यामागं बगळे. थोडा धीर धरा, काकू.

बायको : धीर आहे. पण मग एवढं करा. तो संगमरवर अख्खा निघतोय का बघा. नळापाशी मासे साफ करायला चांगला सपाट दगडच नाही मला.

अध्यक्ष : अगं, माझं नाव आहे त्यावर!

बायको : असू दे की. नाव वरच्या बाजूला ठेवीन. रोज धुतलंही जाईल.

अध्यक्ष : ... बाई.

इंजिनीअर : बोला, काका.

अध्यक्ष : तेवढे कोपरे सांभाळून काढायला सांगा.