खंडेनवमीला धुतलेलं विमान

पुरवणी जबाब
दि. ३ ऑक्टोबर २०२५, सकाळी ११.१०

नाव : रामलिंग गुरुनाथ उजळंबे, वय ६७ वर्षे, धंदा : सेवानिवृत्त (हवाई दलात सार्जंट, विमान दुरुस्तीचे काम), मूळ रा. उदगीर, जि. लातूर, ह. मु. तरोडा, नांदेड.

मी आज कोणी न बोलावता समक्ष हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी मंजुश्री हिच्यासह राहतो. केवळाबाई दगडोबा घोगरे, वय ५८, या अकरा वर्षांपासून आमच्याकडे धुणीभांडी व झाडलोट करतात. काल सायंकाळी याच ठाण्यात मी त्यांच्यावर चोरीचा संशय घेऊन तक्रार दिली. ती चुकीची होती. चूक माझी आहे, म्हणून हा जबाब देत आहे.

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे संच आणून जुन्या लढाऊ विमानांच्या प्रतिकृती जोडण्याचा मला नाद आहे. पत्नी त्याला खूळ म्हणते. आजवर दहा झाली. तक्रारीतले दहावे, मिग-२१, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचे, लांबी साधारण एक वीत. नोकरीत ज्या मिगवर मी सहा वर्षे काम केले, त्याचाच क्रमांक शेपटीवर टाकला आहे. जोडायला चौदा महिने लागले. वापरातले विमान कधी चकचकीत नसते. म्हणून तोफेजवळची काजळी, पोटाखालचे तेलाचे ओघळ आणि चाकांवरचा चिखल मी बारीक ब्रशने रंगवला. एकट्या काजळीला तीन आठवडे गेले. तेवढे दिवस पत्नी माझ्याशी कामापुरतेच बोलत होती.

ते शोकेसमध्ये ठेवल्यापासून केवळाबाई दर आठवड्याला विचारत, "साहेब, हे कवा धुवायचं?" मी सांगत असे की हात लावू नका, हे खेळणे नाही, लढाईचे विमान आहे. हे वाक्य त्यांना मी शंभरदा तरी ऐकवले असेल.

दि. १ रोजी सकाळी सात वाजता आम्ही दोघे मुलगी ऋतुजा हिच्याकडे लातूरला गेलो. त्या दिवशी खंडेनवमी होती. किल्ली केवळाबाईंकडे देऊन मी सांगितले की स्कूटर धुवा आणि घरातली सगळी हत्यारे धुऊन पुसून पूजेला मांडा. सगळी हा शब्द माझाच आहे.

दि. २ रोजी सायंकाळी सहा वाजता परत आलो. पाटावर माझे पाने, पक्कड, विळी आणि कोयता हळदकुंकू लावून मांडलेले होते. स्कूटरला झेंडूचा हार होता. शोकेसमधली मिगची जागा रिकामी होती. केवळाबाईंचा फोन बंद लागला. पत्नी म्हणाली, "आधी तिच्या घरी जाऊन विचारा की. इतक्या वर्षांत चमचा इकडचा तिकडं झाला नाही." मी तापट आहे. साडेसहाला ठाण्यात आलो आणि त्यांचे नाव सांगितले. पत्नी सोबत आली नाही.

आज सकाळी नऊ वाजता पोलीस शिपाई केवळाबाईंच्या गल्लीत गेले. तेव्हा नळाला पाणी आले होते, त्यामुळे सगळी गल्ली बाहेर होती. तक्रारीचे काय झाले ते विचारायला मी ठाण्यात आलो होतो. केवळाबाई ठाण्यात आल्या त्या भाकरीचा मोठा डबा घेऊन. डब्यात खणात गुंडाळलेले मिग होते. ते टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "धुतलं मी. मोडलं बी मी. चोरलं न्हाई."

ठाणे अंमलदारांनी विचारल्यावर त्यांनी सांगितले, "साहेबच म्हणत्यात, लढाईचं हाय. मग त्याला सोडून विळ्याकोयत्याची पूजा कशी करावी? लई काळं झालतं बिचारं. कोमट पाण्यात निरमा टाकून धुतलं." धुताना नाकापुढची नळी मोडली. खऱ्या विमानात ती हवेचा वेग मोजते, प्रतिकृतीत सुईएवढी असते. त्या घाबरल्या. विमान घरी नेले आणि खराट्याची काडी तासून फेविकॉलने बसवली. "वाळाया ठिवलं होतं. आज घेऊनच येणार होते, तर हे पोलीसदादा आले."

मी विमान तपासले. काजळी, तेल, चिखल काहीही शिल्लक नाही. नाकावर हळदकुंकू आहे. काडी बरोबर मधोमध बसवली आहे, लांबीला किंचित जास्त. नोकरीत खरे मिग मी स्वतः कितीदा पुसले, एवढे स्वच्छ ते कधी निघाले नव्हते. मला राग आला नाही. लाज वाटली. हे जबाबात लागत नाही असे अंमलदार म्हणाले, तरी लिहावे अशी मी विनंती केली.

मी तक्रार मागे घेतो म्हणालो व केवळाबाईंना घरी चला म्हणालो. त्या बाकावरून उठल्या नाहीत. "समद्या गल्लीनं पाहिलं. शेजारच्या कोंडाबाईची घागर भरून वाहून राहिली होती, ती बी बघत उभी. तुमच्या कागदावर मी चोर हाय तवर तुमची पायरी चढणार न्हाई." मी हात जोडून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "त्वांडानं नगं. ते जसं लिहून दिलं, तसं हे लिहून द्या."

करिता लिहून देतो की, केवळाबाईंनी चोरी केलेली नाही. मी सांगितले तेच त्यांनी केले. काजळी पुन्हा लावता येते, पण मी लावणार नाही. काडीही काढणार नाही. माझी त्यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही. त्यांची माझ्याविरुद्ध असल्यास ती रास्त आहे.

केवळाबाईंना वाचता येत नाही. गल्लीत दिवसाआड पाणी येते. त्यांच्या मागणीवरून परवा, दि. ५ रोजी सकाळी नऊ वाजता, मी त्यांच्या गल्लीत नळाजवळ उभा राहून हा जबाब स्वतः वाचणार आहे. पत्नीने सोबत येण्याचे कबूल केले आहे.

जबाब लिहून झाल्यावर आधी मला व नंतर केवळाबाईंना वाचून दाखवण्यात आला. त्यांनी एक दुरुस्ती सांगितली, "अकरा न्हाई, या दिवाळीला बारा वर्षं होत्यात." त्याप्रमाणे वाचावे. पुढे त्या म्हणाल्या, "बाकी बराबर हाय. गल्लीत वाचताना जरा मोठ्यानं वाचा."

मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. मोठ्याने वाचीन.

सही/-
रामलिंग गुरुनाथ उजळंबे