हलगीचा बसका ठोका

तुम्ही वरातीत ज्या हलगीवर नाचता ना, ती आमच्या मालकांनी वाजवलेली आहे. खरंच सांगते. फार वर्षांपूर्वी त्यांनी जालन्यात एका स्टुडिओत ती वाजवली. हलगी जाळावर शेकावी लागते, अन् तिथं आगकाडी ओढू देईनात. वर एसी. कातडं सैल पडलं आणि चौथा ठोका बसका आला.

"पुन्हा वाजवतो," मालक म्हणाले.

"राहू द्या हो, कोण ऐकतंय एवढं," स्टुडिओवाला म्हणाला.

पुढे कुणीतरी तोच तुकडा कापून घेतला. आता कुठलंही नवं गाणं लावा, खाली तीच हलगी, बसक्या ठोक्यासकट. मालकांची मान दरवेळी तिथं खाली जाते.

परवा बदनापूरला भाचीच्या लग्नात डीजेवाल्यानं तो तुकडा लावला, तसे हे उठले. "बंद कर ते. मी बराबर वाजवून दाखवतो." हलगी नीट शेकली आणि सगळ्यांसमोर स्वच्छ वाजवली. मला वाटलं, गेली एकदाची मनातली सल.

डीजेवाला म्हणाला, "काका, हात चांगलाय. पण चौथा ठोका चुकून राह्यला. ओरिजिनल ऐकत जा जरा."

"ओरिजिनल माझंच हाय, बाबा."

"सगळे असंच म्हणतात, काका."

मालक माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "दमलो बघ. लोकांना तसंच पायजे, मंग तसंच वाजवू."

पुढच्या महिन्यात टेंभुर्णीची सुपारी आहे. भाचीच्या लग्नापासून रोज सकाळी अंगणात बसून चौथा ठोका मुद्दाम बसका मारून बघतात. अजून न्हाई जमलेला.