तलावाच्या पाळीवर स्कीइंग

१० डिसेंबर. सकाळी दाट धुकं, बोचरी थंडी.

मागच्या हिवाळ्यात औलीच्या बर्फावर मी मेव्हण्यासमोर सारखा पडलो. यंदा त्याच्यासमोर उभ्यानं उतरायचं म्हणून स्कीइंगचं पुस्तक मागवलं. तलावाच्या पाळीच्या उतारावर भाताच्या पेंढ्याचं ओलं तणस पसरलं, पायांना फळ्या बांधल्या आणि बायकोला शेजारी उभं करून पुस्तक वाचायला लावलं.

“गुडघे वाकवा,” तिनं वाचलं. मी वाकवले. “अंग पुढे झुकवा.” झुकवलं आणि निघालोच.

“थांबाचं कसं, ते वाच ना लवकर,” मी ओरडलो.

“अजी, ते पुढच्या पानावर हाये. जरासे थांबा, पान पलटून राहिली ना मी.”

“थांबण्यासाठी फळ्यांची टोकं जवळ आणा,” असं तिनं वाचलं, तेव्हा मी कमरेइतक्या पाण्यात उभा होतो. एक फळी पायाला होती, दुसरी कमळाच्या पानांत अडकली होती.