शिवलेल्या पोत्यातला नमुना

आक्का, दिलीपदादा, सोसायटीचे सगळे सभासद, आणि तिकडं लिंबाखाली बसलेल्या आयाबहिणींनो,

आप्पांबद्दल बोलायला इथं माझ्यापेक्षा मोठी आणि शिकलेली माणसं बसली आहेत. मी नववीतून शाळा सोडलेला, सोसायटीच्या मिक्सरवर कोंबड्यांचं खाद्य मिसळणारा माणूस. चार लोकांसमोर उभा राहिलो की मी निम्मं बोलायचं विसरतो. म्हणून लिहून आणलं आहे. कागद दोनदा तपासला आहे. तरी काही चुकलं, तर ते माझं चुकलं असं समजा. आप्पांच्या नावावर घालू नका.

आधी बोललेल्यांनी सांगितलं, की आप्पांनी या कोरड्या गावात पोल्ट्री आणली. खरं आहे. आप्पांमुळं कितीतरी घरांतली पोरं सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या कामाला परमुलखात गेली नाहीत, गावातच राहिली. हेही खरं आहे. आप्पा चेअरमन होते, पण मक्याची गाडी आली की पहिलं पोतं स्वतः उघडायचे. परवा सकाळी मक्याची गाडीच उतरवून घेत असताना ते खाली बसले. मला म्हणाले, "पाणी आण रं." मी पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

मंडळी, आप्पांनी काय काय केलं, ते तुम्ही ऐकलं. मला सांगायचं आहे ते त्यांचं राहिलेलं काम. शोकसभेत असं बोलावं की नाही, मला ठाऊक नाही. पण हे आज बोललो नाही, तर आप्पांबरोबर तेही जळून गेलं असं होईल.

तुम्हाला आठवत असेल, आपल्याकडं तपासणीसाठी खाद्याचा नमुना कसा काढायचा याचा एक रिवाज होता. पूर्वी एका मॅनेजरनं सांगलीच्या प्रयोगशाळेत वेचून वेचून चांगला मका पाठवला होता आणि पोत्यात भलताच भरला होता. ते उघडकीला आल्यावर आप्पांनी ठरवलं, की इथून पुढं नमुना तयार मालातूनच जाईल. खाद्य मिसळून, पोती भरून, तोंडं शिवून झाली की पाच सभासदांनी यायचं. ज्यानं त्यानं मनाला येईल त्या पोत्यावर हात ठेवायचा. तीच पोती सगळ्यांसमोर उसवायची आणि त्यातून नमुना काढायचा. कुणी म्हणायचं, "आप्पा, पोतं पुन्हा शिवायला सुतळी लागती की." आप्पा म्हणायचे, "सुतळी स्वस्त हाय, इमान म्हाग हाय."

असा प्रामाणिक रिवाज आसपासच्या कुठल्या गावात नव्हता. औंधाकडची माणसं तो बघायला यायची.

मग एका पावसाळ्यात मका भिजला. शेंगपेंडीलाही कुबट वास यायला लागला. बुरशी धरली की त्यात विष तयार होतं, कोंबडीचं काळीज त्यानं खराब होतं, हे तोवर आपल्याला डॉक्टरांकडून कळलं होतं. त्याच सुमारास एक पावडर मिळायला लागली. दिसायला करड्या मातीसारखी, आणि खरोखर एक प्रकारची मातीच ती. खाद्यात मिसळली की बुरशीचं विष स्वतःला चिकटवून घेते आणि कोंबडीच्या अंगात जाऊ देत नाही, असं विकणाऱ्यानं सांगितलं. आप्पांनी ती आणली. चांगल्या हेतूनंच आणली. मी ती प्रत्येक मिसळणीत टाकायला लागलो. आपण तिला मातीच म्हणायचो. "माती टाकली का रं?" हे आप्पांचं रोजचं विचारणं.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. माती पडायची मिक्सरमध्ये. पोतं शिवलं जायचं त्यानंतर. आणि नमुना निघायचा शिवलेल्या पोत्यातून. म्हणजे प्रयोगशाळेत जाणाऱ्या प्रत्येक नमुन्यात माती असायची.

रिपोर्ट चांगले यायला लागले. फार चांगले. मका ओला असला तरी रिपोर्ट चांगला. आपण खूश झालो. आणि मंडळी, आपण हळूहळू धीट झालो. जो मका आप्पा पूर्वी गाडीवरूनच परत पाठवायचे, तो "माती हाय की" म्हणून उतरवून घ्यायला लागलो.

त्याच वर्षी बिरूभाऊंची पिल्लं मेली.

बिरूभाऊ म्हणजे आपल्या माळावरच्या वस्तीवरचे. बापजाद्यांची मेंढरं विकून त्यांनी शेड घातली होती. त्यांच्याकडं तेव्हा नुसती पिल्लं होती. सकाळी शेडमध्ये गेलं की पाच-पन्नास आडवी पडलेली असायची. डॉक्टरांनी एक चिरून दाखवलं. काळीज पिवळं, हळद लावल्यासारखं, आणि बोटानं दाबलं की फुटणारं. डॉक्टर म्हणाले, खाद्यातल्या विषानं असं होतं. बिरूभाऊ ते पिल्लू फडक्यात गुंडाळून आप्पांकडं घेऊन आले आणि म्हणाले, "आप्पा, आपल्या खाद्यात काय तरी हाय."

आप्पांनी रिपोर्ट समोर ठेवला. त्याच मिसळणीचा. स्वच्छ.

बाकी कुणाची कोंबडी मेली नव्हती. का, ते आज कळतं. आपल्या शेडमध्ये मोठ्या कोंबड्या होत्या, त्यांनी सोसलं. अंडी कमी झाली, तर आपण हवेला दोष दिला. पिल्लांना सोसलं नाही. पण तेव्हा हिशेब सोपा दिसला. खाद्य स्वच्छ, आणि पिल्लं विषानं मेलेली, तर मग बिरूनं सोसायटीची पोती म्हसवडच्या बाजारात विकली आणि पिल्लांना दुसरंच काहीतरी स्वस्तातलं घातलं. कुणी बघितलं होतं? कुणीच नाही. पण रिपोर्ट होता ना. पाच जणांनी हात ठेवलेल्या पोत्यांचा रिपोर्ट होता. सभा याच लिंबाखाली भरली होती. बिरूभाऊ सारखे एकच बोलत होते, "यल्लाप्पा देवाची आन, म्या पोतं इकलं न्हाई." मागून कुणीतरी म्हणालं, "मग पिल्लांनी काय मेंढरांचा पाला खाल्ला व्हय?" लोक हसले. आप्पांनी त्यांना थांबवलं नाही. आणि ठराव झाला. सभासदत्व रद्द, कारण सोसायटीच्या मालाची चोरटी विक्री.

महिन्याभरात बिरूभाऊंनी शेडचे पत्रे उतरवले आणि ते तामिळनाडूत मेहुण्याच्या गलाईच्या दुकानात कामाला गेले. बिरूभाऊंच्या पत्नी मालनवहिनी आणि त्यांच्या सासूबाई इथंच राहिल्या. वहिनी आज आल्या आहेत. तिकडं मागं बसल्या आहेत. त्या आल्या, हे मी इथं मोठ्यानं सांगतो, कारण त्यांना न येण्याचा हक्क होता.

पुढं काय झालं, ते तुमच्यातल्या थोड्यांनाच माहीत आहे.

एकदा मातीची गाडी वेळेवर आली नाही. मका तोच, पेंड तीच, पण त्या मिसळणीत माती पडली नाही. रिवाजाप्रमाणं नमुना गेला. रिपोर्ट आला तो असा, की आप्पांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला. बुरशीचं विष भरपूर. आप्पांना वाटलं, प्रयोगशाळेत आपला नमुना कुणाच्या तरी नमुन्याशी बदलला. मला म्हणाले, "चल, भांडून येऊ." एस्टीनं आम्ही सांगलीला गेलो. बरोबर मातीच्या मिसळणीचाही थोडा माल घेतला होता, त्याच मक्याचा.

तिथल्या बाईंनी आप्पांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "यात काही मिसळता का?"

त्यांनी दोन्ही नमुने आमच्यासमोर लावले. खाद्य दळून औषधी द्रावणात घालायचं आणि पुष्कळ वेळ हलवायचं, म्हणजे विष खाद्यातून सुटून द्रावणात उतरतं. त्या द्रावणाचा थेंब काचेच्या पट्टीवर द्यायचा आणि पट्टी अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरायची. विष असलं तर निळा ठिपका चमकतो. बिनमातीच्या नमुन्याचा ठिपका काजव्यासारखा दिसला. मातीच्या नमुन्याचा शोधावा लागला.

आप्पा म्हणाले, "म्हंजी मातीनं इख मारलं की."

बाई म्हणाल्या, "मारलं नाही. धरून ठेवलं. माझ्या द्रावणालाही ते सोडवता आलं नाही, म्हणून मला दिसलं नाही. जेवढं सुटलं, तेवढंच मी रिपोर्टात लिहीत होते. पण माझी बाटली वेगळी आणि कोंबडीचं पोट वेगळं. बाटलीत जे सुटलं नाही, ते पोटातही सुटणार नाही, असं मी लिहून देऊ शकत नाही. आणि विष फार असलं, तर एवढीशी माती किती धरणार? नमुना माती घालायच्या आधी काढा. मक्याचा वेगळा, पेंडीचा वेगळा."

आप्पांनी ती पट्टी स्वतःच्या हातात घेतली. मग त्यांनी विचारलं, मागचे सगळे रिपोर्ट असेच का? बाईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हणाल्या, "ज्यात माती होती, त्यांच्यावर मी भरवसा ठेवणार नाही."

बाहेर आल्यावर आप्पा जिन्यावर बसले. त्यांच्या तोंडून एवढंच आलं, "बिरू खरं बोलत होता रं."

मंडळी, मी आप्पांना देव करायला उभा नाही. त्यांनी सभेत बिरूभाऊंचं ऐकलं नाही. पण त्या जिन्यावरून उठल्यावर त्यांनी जे केलं, ते किती जण करतील? त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः घातलेला रिवाज मोडला. आता नमुना मिक्सरच्या आधी निघतो. मग ते मालनवहिनींच्या दारात गेले, आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलले. मग एकटेच गाडीत बसून तामिळनाडूत गेले. भाषा येत नव्हती. कागदावर लिहिलेला पत्ता लोकांना दाखवत दाखवत ते त्या दुकानापर्यंत पोचले.

तिथलं मला आप्पांनीच सांगितलं. बिरूभाऊंनी त्यांना चहा पाजला. भट्टीपाशी स्टूल दिलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आप्पा, पिल्लांचं सोडा. पिल्लं परत आणता येत्यात. तुमी मला भरल्या सभेत चोर म्हणलासा, आन् खरं सांगाया हितं भट्टीपाशी आलासा. हितं कोण हाय ऐकाया? हितल्या लोकास्नी तर माझी बोलीबी समजत न्हाई."

आप्पा म्हणाले, गावाला चल, सभेत सांगू.

बिरूभाऊ म्हणाले, "म्याच यिऊन सांगू व्हय, म्या चोर न्हाई म्हून? आदी गावानं सांगावं. मग यीन."

आप्पा परत आले. ठराव मागं घ्यायचा विषय त्यांनी कमिटीत दोनदा काढला. दोन्ही वेळा पुढं ढकलला गेला. कुणाचं नाव घेत नाही, कारण ती भीती मला समजते. ठराव मागं घेतला, तर आपल्याच खाद्यात विष होतं हे कबूल करावं लागेल. बाहेर बोभाटा होईल. आपलं खाद्य मग कोण घेणार? "झालं गेलं गंगेला मिळालं, आप्पा," असं कुणी म्हणालं. आप्पा म्हणाले, "गंगेला न्हाई मिळालं. त्ये बिरूच्या दारात पडलंय." तिसऱ्या वेळी विषय काढायला ते राहिले नाहीत.

मी सभासद नाही. मला ठराव मांडता येत नाही. ठराव फिरवायला सभा लागते, नोटीस लागते, ते सगळं नियमानं व्हायला पाहिजे आणि होईल तेव्हा होईल. पण बिरूभाऊंनी कागद मागितलेला नाही. गावानं सांगावं, एवढंच मागितलं आहे. आणि आज गाव इथं आहे. त्या दिवशी होतं, त्यापेक्षा जास्त आहे.

म्हणून मी एक वाक्य बोलतो. आप्पांनी ते वहिनींच्या उंबऱ्यावर सांगितलं, भट्टीपाशी सांगितलं. सभेत सांगायचं राहिलं.

बिरूभाऊंनी सोसायटीचं एकही पोतं विकलं नाही. त्यांची पिल्लं आपल्याच खाद्यानं मेली.

यानंतर आपण आप्पांसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभे राहणार आहोत. त्या शांततेत कुणी बोलत नाही, अशी रीत आहे. म्हणून ज्यांना हे वाक्य मान्य नसेल, त्यांनी आत्ता बोलावं. कमिटीतल्यांनी बोलावं, इतरांनी बोलावं. मी थांबतो. माझ्यावर रागावलात तरी चालेल. पण बोलायचं असेल, तर उभं राहण्याआधी बोला.

थांबलो आहे.

कुणी बोललं नाही. वहिनी, तुम्ही ऐकलंत. आज ना उद्या बिरूभाऊंना कळवा, की गाव गप्प बसलं होतं, आणि ते कुठल्या वाक्यावर गप्प बसलं होतं.

आप्पा, तुम्हाला माझा नमस्कार.

आता सगळे उभे राहूया.