मालनच्या डोक्यावरचा बेल-भंडारा

...आणि वर मलाच म्हणत्यात, "एवढं घाबराय काय झालंतं?" घाबरू नको तर काय करू हो? तुम्हाला सांगते, दिल्लीचं सरकार पडलं तवा आमच्या गावात कुणी जेवायचं थांबलं न्हाय, पण ग्रामपंचायतीची इलेक्शन लागली आणि सख्ख्या जावांनी चुली वेगळ्या केल्या! पार्ट्या दोन. एक हंबीररावांची, एक आण्णांची. कुठल्या गल्लीचं मत कुणाला, हे शेंबड्या पोरालाबी पाठ. आमची गल्ली हंबीररावांची. का? तर माझं आजेसासरं त्यांच्या आज्याच्या पार्टीत हुतं म्हणून! झालं, त्यात माणूस बघायचाच न्हाय.

आमच्या वार्डात जागा दोन. हंबीरराव आणि त्यांचा मेव्हणा पिराजी, हे एका पार्टीचं. समोर आण्णांच्या पार्टीकडनं एकटा दस्तगीर शिंपी.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळीच आमच्या सासूबाई झुंबरबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, आख्खी गल्ली वस्ताद म्हणती, बेलाचं पान आणि हळदीच्या भंडाऱ्याची वाटी घेऊन फुड्यात हजर!

"उचल."

"काय हो आत्याबाई?"

"बेल-भंडारा उचल. पोरीच्या डोक्यावर हात ठेव, आणि म्हण, हंबीररावाला मत देईन."

आता मालन माझी पहिलीच, अजून धड बसत न्हाय. तिला नुसती शिंक आली तरी मी मीठ-मोहऱ्या उतरून टाकते, आणि तिच्या डोक्यावर शपथ? पण वस्तादाला न्हाय म्हणायची छाती कुणाची? उचलला. ह्यात माझं काय चुकलं, सांगा की!

बरं, तेवढ्यावर भागलं असतं तर... दुपारी आत्याबाई प्रचाराला गेल्या आणि मागच्या दारानं चिमणामावशी आत! माझ्या आईची सख्खी बहीण, ह्याच गावात दिलेली, गावची सुईण. दस्तगीरच्या भिंतीला तिची भिंत. तिनं पदराखालनं पुडी काढली.

"हात ठेव पोरीवर. दस्तगीरला मत देईन म्हण."

"अगं मावशे, सकाळीच आत्याबाईंनी..."

"हिची नाळ कुणी कापली?"

घ्या! कापली तिनंच की! आणि पुडीत नुसता भंडारा न्हाय, पिराचा ऊदबी! म्हटलं, "मावशे, दोन दोन कशाला गं?" तर म्हणती, "एकाची नजर चुकली तर दुसरा बघंल." उचलला. ह्यात तरी माझं काय चुकलं?

सकाळपर्यंत डोळ्याला डोळा न्हाय. कुणाची शपथ मोडू? मोडली तर पोरीला काय हुईल? मतदानाला शाळेत गेले, रांगेत उभी राहिले... आणि मास्तर म्हणालं, "बाई, जागा दोन, शिक्के दोन." अगं बाई! दोन शपथा, दोन शिक्के! एक हंबीररावाला, एक दस्तगीरला. पिराजीच्या नावानं कुणी शपथ घातलीच न्हवती! सातवीपर्यंत शिकल्याचा आयुष्यात पयल्यांदा उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी मोजणी. हंबीरराव आले, दस्तगीर आला, पिराजी पडला. हंबीररावांपेक्षा त्याला दोनच मतं कमी, तेवढ्यातच पडला! एक मत माझं हे मला ठावं. दुसरं कुणाचं? पण इचार कराय सवड कुठली, चावडीवर गुलाल उडाला आणि इकडं मालनचं अंग तव्यागत तापलं! अर्धं अर्धं मत दिलं म्हणून देव कोपला का? आता कबूल करावं म्हणून तोंड उघडणार, तवर आत्याबाईंनीच पाळण्याची दोरी धरून हंबरडा फोडला, "मी खाल्लं गं पोरीला! माझ्या मतानं तापली!"

"तुमच्या?"

"दोन्ही मतं पार्टीला देते म्हणून हिच्याच डोक्यावर भंडारा उचलला, आणि एक दस्तगीरला देऊन आले! काय करू? तुझा नवरा, जोत्या, झाला तवा मला दूध उतरलं न्हाय, दस्तगीरच्या आईनं, बिबीजाननं पाजला त्याला. एका दुधाची लेकरं ती. शिक्का पिराजीवर उठंना गं!"

म्हटलं, "आत्याबाई, माझंबी..." आणि दोघी गळ्यात गळा घालून रडलो.

तवर मावशी आली. पोरीच्या तोंडात बोट घातलं आणि किंचाळली, "आई गं! देव कुठला कोपतोय, दात आलाय दात!"

इतक्यात आमचं मालक जोतीराम चावडीवरनं लालबुंद हून आलं. "आपल्या गल्लीतली दोन मतं फुटली! हंबीरराव म्हणत्यात, ती घरं हुडकून वाळीत टाकतो!" आत्याबाई शांतपणी म्हणाल्या, "टाकू दे. तू हातपाय धू."

त्या दिवसापास्नं आत्याबाई मला "बाळ" म्हणाय लागल्या, मी त्यांचं पाय चेपाय लागले. बरं चाललंतं हो! तर शेजारची धोंडुबाई गल्लीत म्हणाली, "सासूसुनंचं एवढं गोड कवापास्नं? फुटलेली मतंबी दोनच न्हवं का?"

घ्या! आता रोज सकाळी आत्याबाई हळूच हाक मारत्यात, "चल बाळ, भांडायची येळ झाली." मग दोघी दारात उभं राहून गल्लीला ऐकू जाईल असं भांडतो. फुडल्या इलेक्शनपर्यंत हेच करायचं... आणि काय सांगू तुम्हाला, आत्याबाई ठरल्यापेक्षा जास्तच शिव्या देत्यात हो!