रामदासच्या वाटचा रोट

अरे, आमच्या गावच्या कमानीची गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीच. पिंपळनेरजवळच्या आमच्या गावातला रामदास एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला, तो परत आलाच नाही. वेशीवर कमान बांधून तिच्यावर त्याचं नाव टाकायचं ठरलं, पण तो माणूस कसा होता, हे एकालाही सांगता येईना. म्हणून मी राहतो त्या देवपूरहून गावी जाऊन थेट त्याच्या वहिनीला गाठलं. ऐंशीच्या पुढची अक्का.

गेलो तो नेमका कानबाईच्या सणाच्या तोंडावर. रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळीसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचं चाललेलं. अक्का पुटपुटत होती, "हाई नानानी, हाई संजूनी, हाई रामदासनी..."

मला राहवलं नाही. "अक्का, रामदासभाऊ तर गेले ना?"

"तुले कोनी सांगं? तू दखं का?"

मी विचारलं, "मग त्यांच्या वाटचा रोट कोण खातं?"

"मीच खास," अक्का एकदम हसली. "मी नवी नवरी व्हतू, तव्हय तो मना हातमधला रोट हिसकाईसन पयी जाये. आनि सासू मालेच बोले! आते त्याना रोट मी खास."

"एकट्याच खाता?"

"हाव. पन सावकाश खास. काय भरोसा, येई आनि हिसकाई लेई."